पहिल्या दोन बाटल्या ठीक, तिसरीपासून घोळ: लाँग राइडला घाटातच पाय का धरतात

गेल्या वर्षी मार्च ते जून माझं एकच रडगाणं चालू होतं, घरचे कंटाळले, ग्रुपवाले कंटाळले, शेवटी मीपण कंटाळलो. आता ते सुटलंय तर लिहून टाकतो, कारण सायकलवर नवीन आलेला जो तो हेच विचारतो की भिया, पाणी तर भरपूर पितो, मग ऐंशी-नव्वद किलोमीटरनंतर पायात गोळे का येतात.

आधी प्रॉब्लेम नीट सांगतो. आमचा ठरलेला रूट म्हणजे इंदूरच्या राजेंद्र नगरहून पहाटे साडेचारला निघायचं, राऊ, महू, पुढे जाम गेट म्हणजे घाटमाथ्यावरचा अहिल्याबाईंचा दरवाजा, घाट उतरून मंडलेश्वर, नर्मदेवर चहा आणि आल्या रस्त्याने परत, दीडशे किलोमीटरच्या आसपास होतं सगळं मिळून. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये की हा रूट उलटा आहे, म्हणजे थंड हवेत उतार आणि उन्हात चढ. मंडलेश्वर निमाडात, आपल्या माळव्यापेक्षा पुष्कळ खाली आणि तितकंच जास्त तापणारं, तिथून साडेनऊ-दहाला परत फिरलं की घाट बरोबर डोक्यावर ऊन असताना लागतो. आणि एक गंमत बघा, आपल्या इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी तिथल्याच जलूदहून पंपांनी सत्तर किलोमीटर चढवून आणतात, म्हणजे मी ते पाणी बाटलीत भरून परत त्याच्या माहेरी नेतो, आणि वर येताना त्याला पंप असतो, मला नसतो.

तर व्हायचं असं की जाताना एकदम झन्नाट, मंडलेश्वरपर्यंत काही नाही. परतीच्या घाटात आधी पाणी नकोसं व्हायचं, पोटात डचमळायचं, मग डोकं जड आणि मग डाव्या मांडीत आतल्या बाजूने असा गोळा यायचा की सायकलवरून उतरतापण यायचं नाही, पाय पॅडलवरच अडकलेला. जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे, हेल्मेटचा पट्टा वाळून कडक. एकदा तर अहिल्याबाईंच्या त्या दरवाज्याच्या सावलीत पाऊण तास आडवा पडून होतो आणि पिकनिकला आलेली पोरं माझे फोटो काढत होती. दर वेळी नाही, पण चारपैकी तीन वेळा नक्की, आणि साधारण त्याच जागी.

मी काय काय करून बघितलं ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे आणि वीकेंड वाचतील.

सगळ्यात आधी पाणी वाढवलं. पाच लिटर प्यायलो एका राइडला. परिणाम असा की दर अर्ध्या तासाला झाडामागे जायला लागायचं, डोकं आधीपेक्षा जास्त दुखायचं आणि बोटं सुजून अंगठी निघेना. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं, पण गमतीचं नाहीये. घामातून मीठ जातंय आणि वरून नुसतं साधं पाणी ओतताय तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं, आणि ते फार खाली गेलं तर उलट्या, बरळणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. राइडनंतर वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं असेल, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला असेल, डोकं ठणकत असेल तर अजून पाणी ढोसायचं नाही, काहीतरी खारट खायचं आणि थांबायचं. आणि माणूस बरळायला लागला तर चर्चा न करता सरळ हॉस्पिटल.

मग ग्लुकोजची पावडर आणली, ती लहानपणी शाळेतून आलं की आई द्यायची ती. साडेसातशेच्या बाटलीत आठ मोठे चमचे भरून, कारण जास्त टाकलं तर जास्त ताकद असा आपला साधा हिशोब. शंभरेक ग्रॅम झाली असेल, म्हणजे तेरा टक्क्यांचा पाक. ड्रिंक साधारण सहा ते आठ टक्क्यांच्या आत असेल तर पोटातून पुढे पटकन सरकतं, त्याच्यावर गेलं की पोट ते धरून बसतं, आणि आतडं उलट शरीरातलंच पाणी आत ओढून तो पाक पातळ करायला बघतं. म्हणजे तहान भागवायला प्यायलो आणि आहे ते पाणीपण पोटात जाऊन बसलं. डचमळ कुठून येत होती ते इथे कळलं. आणि असल्या साध्या ग्लुकोज पावडरीत मीठ जवळपास नसतंच, ते वेगळं.

मग केळी झाली, मॅग्नेशियमच्या गोळ्या झाल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून लोणच्याचा खारपण पिऊन झाला, त्याचं वर्णन नको. शेवटी महागडं ड्रिंक मिक्स मागवलं, म्हणजे पाण्यात घालायची साखर-मिठाची तयार पावडर, मोठा डबा, स्कूपवाला, बायकोने किंमत बघून फक्त एवढंच विचारलं की याच्यात सायकलपण येते का. आणि ते चाललं! पण अर्धंच. मंडलेश्वरपर्यंत झकास आणि घाटात परत तोच गोळा. मी वैतागून ठरवलं की डबा बोगस आहे.

आमच्या ग्रुपमधे एक काका आहेत, रिटायर्ड, साठ कधीच ओलांडलेली, २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची दोनशे किलोमीटरची राइड, साडेतेरा तासांच्या आत आरामात करून घरी जाऊन भाजी आणायला निघणारे. जाम गेटला मी पाय धरून बसलेलो, ते आले, माझी बाटली उचलून तिचा वास घेतला आणि म्हणाले, "अरे, ही तर नुसत्या पाण्याची आहे." म्हटलं, "हो काका, पावडरवाल्या दोन्ही संपल्या ना, ही मंडलेश्वरला भरली." तर म्हणाले, "आणि त्याच्या आधीची?" म्हटलं तीपण पाण्याचीच. "मग डब्याला शिव्या कशाला देतोस, डबा तर घरी बसलाय."

बस, एवढंच होतं. चार महिने मी काय प्यायचं हे शोधत होतो, आणि लोच्या होता कसं न्यायचं याच्यात.

घरी येऊन हिशोब केला. आधी घाम मोजला, ज्याला काही लागत नाही, फक्त वजनकाटा. सुपर कॉरिडॉरच्या रस्त्याला एक तास राइड मारली, निघताना उघड्या अंगाने ७४.६, आल्यावर अंग पुसून ७३.८, मधे ४०० मिली प्यायलो. म्हणजे ८०० ग्रॅम घटलं अधिक ४०० प्यायलेलं, एका तासाला १.२ लिटर घाम. हे उन्हाळ्यातलं, सकाळी नऊचं. पहाटे कमी असतो, आणि माणसामाणसात खूप फरक असतो, कुणाचा तासाला अर्धा लिटर तर कुणाचा दोन, त्यामुळे माझा आकडा उचलू नका, स्वतःचा काढा. जातो तितका सगळा भरून काढता येत नाही आणि काढायची गरजपण नसते, वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत घट चालते, त्याच्या पुढे मात्र पाय आणि डोकं दोन्ही ढेपाळायला लागतात. मी धरलं की तासाला साडेसातशेची एक बाटली. राइड सात-साडेसात तासांची. म्हणजे सात बाटल्या. सायकलवर बाटली अडकवायचे पिंजरे दोन. तर घरून भरलेल्या दोन बाटल्या सोडल्या तर पाच बाटल्या मी हँडपंपाच्या, ढाब्याच्या नाहीतर विकतच्या साध्या पाण्याच्या पीत होतो! एक लिटर घामात ढोबळमानाने एक ग्रॅम सोडियम जातं, कुणाचं अर्धा कुणाचं दीड, आणि ज्याच्या जर्सीवर नकाशे उमटतात तो बहुतेक वरच्या बाजूला. मी पहिल्या दोन तासांत सोडियम घेत होतो, जेव्हा गार हवेत घाम फारसा येतच नव्हता, आणि जेव्हा धो धो येत होता तेव्हा शून्य.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की गोळे फक्त मिठामुळेच येतात असं कोणी छातीठोक सांगत नाही. दमलेला स्नायू, रोजच्यापेक्षा जास्त जोर लावणं, सीटची उंची चुकीची, ही कारणंपण तितकीच असतात. तुम्हाला वीस किलोमीटरलाच गोळा येत असेल तर हे सगळं सोडा आणि आधी सीट बघा. माझा मात्र घाटात उशिरा यायचा, डोकं जड व्हायचं, पाणी नकोसं व्हायचं, आणि तिसऱ्या बाटलीपासून पुढे बिघडायचं, म्हणून माझं निदान हे.

आता न्यायचं कसं. डबा तर नेता येत नाही. पहिला उद्योग केला तो म्हणजे एकाच मोठ्या पिशवीत पावडर भरून जर्सीच्या मागच्या खिशात आणि सोबत चमचा. हा प्रकार कुणी करू नका. मागचा खिसा म्हणजे घामाची टाकी, पिशवीला झिप असली तरी दोनदा उघडली की हवेतला दमटपणा आत जातो, साखर ग्लुकोज दोन्ही पाणी ओढतात, पावडरचा ढेकूळ होतो आणि चमच्याने तो फोडताना अर्धा ढाब्याच्या टेबलावर. मुंग्यांचं भलं झालं. ढेकूळ झालेली पावडर वास-रंग बदलला नसेल तर खराब नसते, पण मग चमच्याच्या मापाला काही अर्थ राहत नाही.

दुसरा प्रयोग काढ्याचा, म्हणजे एका बाटलीत चार बाटल्यांचं मिक्स दाट करून न्यायचं आणि दुसऱ्या बाटलीत साधं पाणी घेऊन त्यात थोडं थोडं ओतायचं. हे चालतं, ग्रुपमधले दोघं असंच करतात, बाटलीवर पर्मनंट मार्करने चार रेघा मारून ठेवतात म्हणजे अंदाज लागतो. मला जमलं नाही कारण ओतताना हात चिकट, हँडल चिकट, आणि एकदा महूच्या पुढच्या खड्ड्यात ती बाटली उडाली तर आख्खा दिवसाचा माल गेला. शिवाय घाईत कोणी चुकून त्याच बाटलीतून प्यायलं तर तोंड बघण्यासारखं होतं.

तिसरा जो आता पक्का झालाय तो म्हणजे पुड्या. एक बाटली, एक पुडी. आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून छोट्या झिपच्या पिशव्यांत भरायच्या, हवा काढून चपट्या करायच्या आणि त्या सगळ्या मिळून एका घट्ट झाकणाच्या चपट्या डबीत, डबी सीटखालच्या बॅगेत किंवा पुढच्या दांड्यावरच्या बॅगेत. जर्सीत नाही. पावसाळ्यात डबीत बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो, डबीत, पावडरीत नव्हे. आणि ओतताना झिप उघडायची नाही, एक कोपरा दाताने किंवा चावीने कापायचा आणि तो कोपराच नळीसारखा बाटलीच्या तोंडात घालायचा, एक कण सांडत नाही. हे सुचायला मला दोन महिने लागले, तोवर मी पेपरचा कोन करून फनेल बनवत होतो, फुटाण्याची पुडी बांधतात तसा.

बाटलीत आधी अर्धं पाणी, मग पुडी, मग हलवायचं, मग उरलेलं पाणी. आधी पावडर टाकून वर पाणी ओतलं तर ती तळाला चिकटून बसते आणि शेवटच्या चार घोटांत सगळी साखर एकदम येते. नोझल चोक होण्याचं कारणपण बहुतेक वेळा हेच.

पुडीत काय घालायचं. महागडा डबा चांगला आहे, मी त्याला दिलेल्या शिव्या परत घेतो, पण सात बाटल्या त्याच्या केल्या तर सायकल विकायला लागेल. म्हणून मी घरचं करतो: साडेसातशेच्या बाटलीला ४० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ म्हणजे पाव चमचा सपाट, आणि चिमूटभर लिंबूसत्व चवीला. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या दारांनी आत जातात त्यामुळे नुसत्या ग्लुकोजपेक्षा वाईट तर अजिबात नाही. हे होतं पाच टक्क्यांच्या जरा वर, आणि दीड ग्रॅम मिठात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम. पिठीसाखर वापरू नका, लवकर विरघळते हे खरं पण ढेकूळपण तितकीच लवकर होते. साधी दाणेदार साखर पुडीत महिनाभर कोरडी राहते, गार पाण्यात जरा जास्त हलवावी लागते इतकंच. ताजं लिंबू आदल्या रात्री पिळून ठेवू नका, कडवट होतं, ढाब्यावर मिळालं तर तिथे पिळा. आणि सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ यावरून ग्रुपमधे वाद घालणाऱ्यांना नमस्कार, ते सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, चव आवडत असेल तर घ्या. एका महाशयांनी जीरावन मसाला टाकून बघितलं. पोह्यांवर ठेवा हो ते.

काट्यावर मोजा हे मुद्दाम सांगतोय, कारण मिठाचा अंदाज चुकला तर एकतर उपयोग नाही नाहीतर समुद्राचं पाणी. आणि बीपी, किडनी, डायबिटीस असं काही असेल तर माझी पुडी कॉपी करू नका, डॉक्टरांना विचारा. माझ्या बाबांना बीपी आहे, ते माझ्यासोबत बिजासन टेकडीपर्यंत येतात आणि साधं पाणी पितात, त्यांना तेवढ्याला तेच बरोबर.

ओआरएसचं वेगळं सांगायला लागेल कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मेडिकलमधे मिळणारं खरं ओआरएस हे डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं असतं, एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. १९७१ मधे बांगलादेशच्या निर्वासितांच्या कॅम्पमधे, बोनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पाजून कॉलऱ्यातून हजारो माणसं वाचवली, त्यांना २०२३ मधे मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ग्लुकोज आत जाताना सोडियमला हात धरून नेतं आणि त्या दोघांमागे पाणी जातं, सगळी जादू एवढीच. पण ती पुडी एक लिटरची आहे! आपण काय करतो, तीच पुडी पाचशेच्या बाटलीत ओततो, डबल स्ट्राँग, आणि मग म्हणतो मळमळतं. छोटी २०० मिलीवाली घ्या, साडेसातशेच्या बाटलीला चार टाकल्या तर जवळपास बरोबर बसतात. दुसरं म्हणजे ओआरएसमधे मीठ भरपूर पण साखर कमी, ते जुलाबासाठी बनवलंय, सायकल चालवायच्या ताकदीसाठी नाही, त्यामुळे ते पीत असाल तर खाणं वेगळं हवंच. मी एक पुडी इमर्जन्सीला ठेवतो, कुणी फारच गळाला तर. आणि दुकानात फळांच्या चित्रांच्या गोड ड्रिंकवर ओआरएस लिहिलेलं असायचं ना, २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, ते नाव तसं वापरायला बंदी केली, पण जुना माल कुठे दिसला तर मागचं लेबल वाचा, पुढचं नाही.

विरघळणाऱ्या गोळ्या, त्या ट्यूबमधल्या, न्यायला एकदम सोप्या, सांडणं नाही ढेकूळ नाही. त्यात सोडियम असतं पण साखर नावापुरती, म्हणजे परत खाणं वेगळं. एक सूचना, गोळी टाकून लगेच झाकण लावून नोझल दाबू नका, गॅस होतो आणि पहिला घोट सरळ डोळ्यात. स्वानुभव.

पुड्या आल्या तरी एक गळती राहिली होती, ती म्हणजे मी प्यायचोच नाही. घाट उतरताना अर्धा तास दोन्ही हात ब्रेकवर, वारा गार, घाम वाळून जातो त्यामुळे येतोय असं वाटतच नाही, आणि मंडलेश्वरला पोचल्यावर सगळी बाटली एकदम घटाघटा. मग ती पोटात हलत राहते. परतीला चढ लागला की धाप लागते, धाप लागली की पीता येत नाही. म्हणजे प्यायच्या दोन खिडक्या, उतार सुरू व्हायच्या आधी आणि चढ सुरू व्हायच्या आधी, आणि मी दोन्ही घालवत होतो. आता घड्याळाला दर पंधरा मिनिटांचा बझर लावलाय, वाजला की तीन-चार घोट, तहान असो नसो, आणि दोन्ही घाटांच्या तोंडाशी मुद्दाम एक मिनिट थांबतो. ग्रुपवाले पुढे जातात, जाऊ देत, वर भेटतातच.

दुसरं कारण पाणी नकोसं व्हायचं म्हणजे ते चहासारखं गरम होतं. एप्रिल-मे मधे दहा वाजता बाटलीतलं गोड कोमट पाणी कोण पिणार. थर्मासवाल्या बाटल्या मिळतात, बऱ्या असतात पण आत कमी मावतं. मी एक बाटली रात्री अर्धी भरून आडवी फ्रीझरमधे ठेवतो आणि सकाळी वरून पाणी भरतो, पूर्ण भरून ठेवली तर बर्फ फुगून बाटली फाटते. आणि दुसरी आयडिया आजोबांची. ते सांगायचे की खंडव्याच्या गाडीला खिडकीबाहेर कॅनव्हासची छागल लटकवायचे, ती ओली असल्याने वाऱ्याने पाणी गार व्हायचं, माठासारखं. तर मी जुना सुती पायमोजा, धुतलेला हो, बाटलीवर चढवतो आणि पाणी भरताना तो भिजवून घेतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जबरदस्त चालतं. पावसाळ्यात शून्य उपयोग, हवेत ओलावा असला की पायमोजा नुसता ओला राहतो आणि वास मारतो.

तिसरं, गोडाचा कंटाळा. चार तासांनी गोड पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून एक बाटली पुडीची आणि एक साधी, आलटून पालटून, आणि साध्या पाण्यासोबत खारे शेंगदाणे नाहीतर शेव. इंदुरी माणसाला खिशात शेव ठेव म्हणून सांगावं लागत नाही, पण राइडवर ती औषधपण आहे हे मला नव्हतं माहीत. मात्र मग पुड्यांचा हिशोब त्याप्रमाणे करा, सातच्या जागी चार-पाच पुरतात, आणि पुडीच्या बाटलीचा नंबर दुपारी लावा, पहाटे नाही. पहाटे साधं पाणी आणि राऊच्या पोह्यांवर आरामात निघतं. आणि वाटेत शिकंजी घेऊ असं कुणा बाहेरच्या पाहुण्याला म्हणू नका, तो बिचारा लिंबूपाणी समजतो आणि समोर येतं ते आपलं दुधाचं दाट प्रकरण. मग तो उरलेला घाट झोपेतच चढतो.

लघवीचा रंग बघा असं सगळे सांगतात, बरोबर आहे, गडद पिवळा म्हणजे मागे पडलात. पण सकाळी मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली असेल तर त्यातल्या बी-टूमुळे तसाही हळदीसारखा पिवळा होतो, उगाच घाबरू नका.

बाटल्यांची थोडी देखभाल. गोड मिक्सची बाटली राइडवरून येऊन तशीच ठेवली की दोन दिवसांत नोझलच्या आत काळी बुरशी, बाहेरून दिसत नाही, आणि मग पुढच्या राइडला पोट बिघडलं की आपण परत पावडरला दोष देतो. नोझल खेचून वेगळं निघतं, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. गरम पाणी, खायचा सोडा, दात घासायचा जुना ब्रश, आणि झाकण न लावता उलटी वाळत ठेवायची. पाठीवरच्या पाण्याच्या बॅगेत मिक्स भरूच नका, तिची नळी साफ करता करता आयुष्य जाईल, तिच्यात फक्त पाणी. आणि पावसाळ्यात नोझलला झाकण असलेलीच बाटली घ्या, पुढच्या चाकाने उडवलेलं सगळं खालच्या बाटलीवर येतं आणि महूच्या पुढे रस्त्यावर फक्त चिखल नसतो, गाई-म्हशीपण असतात.

फ्रेम छोटी असेल आणि दुसरी मोठी बाटली बसत नसेल तर बाजूने निघणारा पिंजरा मिळतो. सीटमागचा पिंजरा मला आवडत नाही, खड्ड्यात बाटली मागे उडते आणि मागच्याला पाडते, लावायचाच असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून रबरासारखा बांधा.

एवढं केल्यावर ऑक्टोबरपासून सहा वेळा जाम गेटचा घाट चढलो, एकदाच गोळा आला, आणि त्या दिवशी घरी येऊन डबी उघडली तर पाचपैकी तीन पुड्या तशाच. तेव्हापासून ही माझी तपासणी झालीये, आल्यावर वजन नंतर, आधी उरलेल्या पुड्या मोजायच्या, जितक्या उरल्या तितक्या बाटल्या आळसाने साध्या पाण्याच्या गेल्या. फक्त पुड्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ढाब्यावर पांढऱ्या पावडरीच्या छोट्या छोट्या पुड्या टेबलावर मांडल्या की लोक कसे बघतात ते मी बघितलंय, आणि उरलेल्या त्या तीन मी ओट्यावर विसरलो तर आईने साखर समजून एक पाहुण्यांच्या चहात घातली. पाहुणे पुण्याचे होते, त्यांनी पूर्ण कप प्यायला आणि जाताना विचारलं की इंदूरला चहात मीठ घालायची पद्धत कधीपासून आहे.